चेअरलिफ्ट किंवा रोपवे मध्येच थांबला तर? सोलापूरहून बर्फाकडे निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठून सोलापूरचं होम मैदान मोकळं झालं की आमच्या बर्फातल्या सहलीची तयारी जोरात सुरू होते. सोलापुरातून पंधरा-वीस जण घेऊन मी दर हिवाळ्यात वर जातो, कधी गुलमर्गला, कधी हिमाचलात. थंडीचे, जेवणाचे, रेल्वेच्या तिकिटांचे प्रश्न सगळ्यांसमोर विचारले जातात. एक प्रश्न मात्र लोक बाजूला घेऊन हळूच विचारतात: "वर लटकलेलं असताना ते बंद पडलं तर काय करायचं?" एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधल्या देवघरच्या रोपवेची दृश्यं टीव्हीवर पाहिल्यापासून तर प्रत्येक सहलीला दोघं-तिघं हे विचारतातच. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

चालती लिफ्ट अचानक थांबली म्हणजे काहीतरी तुटलं का?

बहुतेक वेळा नाही. चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला लटकलेल्या खुर्च्यांची लाइन, दिवसातून अनेकदा थांबते. खाली चढताना कुणी नवखा पडतो, वर उतरताना कुणाची स्की अडकते, आणि तिथला माणूस बटण दाबतो. एक-दोन मिनिटांत खुर्च्या पुन्हा चालू लागतात.

दुसरं कारण यंत्राचं स्वतःचं. प्रत्येक खांबावरच्या पुल्यांपाशी तार जागेवर आहे की नाही हे बघणारे स्विच असतात, वारा मोजणारं यंत्र असतं, वेग मोजणारं असतं. यातल्या एकालाही काही वावगं वाटलं तर सगळी लाइन थांबते आणि कारण सापडेपर्यंत चालू होत नाही.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग खाडकन थांबायचा. मागाच्या कडेला एक छोटा काटा असतो. त्याला धागा लागला नाही की तो माग बंद पाडतो, नाहीतर कापडभर दोष विणला जाईल. लहानपणी मला वाटायचं की सारखा थांबतो तो माग वाईट. वडील सांगायचे, धागा तुटूनही जो चालत राहतो तो वाईट. रोपवेकडे मी त्याच नजरेनं बघतो, आणि पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

लाइट गेली तर?

फार काळजी करण्यासारखं नाही. वीज जाताच ब्रेक आपोआप बसतो. हे ब्रेक असे बनवलेले असतात की उघडे राहायला दाब लागतो, दाब गेला की स्प्रिंगच्या जोरानं मिटतात. त्यामुळे खुर्च्या उतारावरून मागे घसरत नाहीत. मग डिझेल इंजिन लावून लाइन अगदी सावकाश फिरवतात आणि एकेक खुर्ची स्टेशनात रिकामी करतात. याला अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. रोजच्यापेक्षा हळू चाललं आहे असं दिसलं तर समजायचं, तुम्हाला परत आणलं जात आहे.

खुर्च्या उलट्या मागे धावल्याची घटना घडलेली आहे. मार्च २०१८ मध्ये जॉर्जिया देशातल्या गुदाउरी इथे चेअरलिफ्ट भर वेगात उलटी फिरली, खालच्या टोकाला खुर्च्या एकमेकींवर आदळल्या आणि माणसं जखमी झाली. हे दुर्मीळ आहे, पण म्हणूनच चांगल्या लिफ्टला एकाहून जास्त ब्रेक असतात.

तार तुटू शकते का? खरं सांगा.

तुटू शकते, तुटलेली आहे. पण ती आपोआप, एका क्षणात, कुणाच्याही चुकीशिवाय तुटते असं समजू नका.

ही तार म्हणजे एक जाड सळई नव्हे. पोलादाच्या बारीक तारा पिळून एक पदर, आणि असे सहसा सहा पदर मधल्या गाभ्याभोवती पिळून दोर. सुताला पीळ देऊन दोरा करतात तसंच. एखाद-दुसरी तार तुटली तरी बाकीच्या भार घेतात, आणि रोजच्या भाराच्या कितीतरी पट ताकद मुळातच ठेवलेली असते. आतल्या तुटलेल्या तारा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून चुंबकीय तपासणी करतात. ती वेळच्या वेळी झाली की बिघाड महिनोन् महिने आधी कळतो.

२३ मे २०२१ ला इटलीत मोत्तारोनेच्या डोंगरावर खेचणारी तार तुटली. ट्रॉली ज्या जाड तारेवर धावत होती ती शाबूत होती. अशा वेळी आपत्कालीन ब्रेकनं त्या जाड तारेला पकडून ट्रॉली जागीच रोखायची असते. पण तो ब्रेक मध्येमध्ये विनाकारण लागतो आणि फेऱ्या अडतात म्हणून कर्मचाऱ्यांनी लोखंडी चिमटे अडकवून तो उघडाच ठेवला होता. ट्रॉली मागे सुटली आणि १४ माणसं गेली, एक लहान मुलगा वाचला. त्या चिमट्याला इटालियनमध्ये 'मोठा काटा' म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला वडिलांच्या मागाचा काटा आठवला आणि बराच वेळ काही सुचलं नाही. एक काटा थांबवणारा, दुसरा थांबणंच बंद करणारा.

आपल्याकडचंही सांगतो. गुलमर्गला २५ जून २०१७ ला जे झालं त्यात तार तुटली नव्हती. वाऱ्यानं झाड उन्मळून तारेवर पडलं, त्या हिसक्यानं डब्याची काच फुटली, माणसं खाली पडली आणि ७ जण गेले. गुजरातमधल्या पावागडला सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू रोपवेची तार तुटली, त्यात ६ जण गेले. म्हणून वारा वाढला की फेऱ्या बंद करणाऱ्या माणसाशी भांडू नका. आमच्या ग्रुपमध्ये मी हे निघायच्या आधीच बजावतो: "एवढ्या लांबून आलोय हो" हे वाक्य तिकीट खिडकीवर कुणी काढायचं नाही.

थांबल्यावर पहिली पाच मिनिटं मी काय करायचं?

बसून राहायचं, समोरचा दांडा खालीच ठेवायचा, हिसका देऊन खुर्ची हलवायची नाही. हातमोजे काढायचे नाहीत. फोन काढायचाच असेल तर आधी पट्टा मनगटात अडकवा. फोन हातातून निसटतो आणि तो पकडायला माणूस पुढे वाकतो, खरा धोका त्या वाकण्यात आहे. पायातल्या स्की स्वतःहून काढून खाली टाकू नका, खाली माणसं असू शकतात.

आणि शेजारच्याशी बोला. गप्प बसलेला माणूस लवकर घाबरतो.

खाली बर्फच आहे की. उडी मारली तर?

नाही. कधीच नाही. हा प्रश्न तरुण मुलं हसत हसत विचारतात, पण मी उत्तर हसत देत नाही.

वरून बर्फ कापसासारखा दिसतो. लिफ्टखालचा बर्फ दाबलेला, रात्रीत गोठून फरशीसारखा झालेला असतो, त्याखाली दगड आणि झाडांचे बुंधे. उंचीचा अंदाज पांढऱ्या बर्फावर साफ चुकतो. शिवाय तुम्ही उडी मारताच खुर्चीवरचा भार एकदम जातो, तार उसळते आणि पुढच्या-मागच्या खुर्च्यांवरची माणसं हेलकावे खातात. तुमचा पाय मोडेल आणि दुसऱ्याचा जीवही धोक्यात जाईल.

ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलात परवाणूजवळ टिंबर ट्रेलच्या रोपवेची खेचणारी तार तुटली आणि ट्रॉली दरीवर लटकली. ट्रॉली चालवणाऱ्यानं बाहेर उडी घेतली आणि तो गेला. जे आत बसून राहिले ते दहाही जण जिवंत बाहेर आले. लष्कराच्या १ पॅरा तुकडीचे मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो हेलिकॉप्टरमधून ट्रॉलीवर उतरले. अंधार पडला तेव्हा सगळ्यांची सुटका झाली नव्हती, म्हणून उरलेल्यांसोबत ते रात्रभर ट्रॉलीतच राहिले आणि सकाळी त्यांना वर पाठवलं. त्यांना कीर्ती चक्र मिळालं. हेलिकॉप्टर चालवणारे फली होमी मेजर पुढे हवाई दलप्रमुख झाले.

माझा अनुभव यापुढे अगदी लहान, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आमची खुर्ची पन्नास मिनिटं अडकली. शेजारी आमच्याच ग्रुपमधल्या एक शिक्षिका होत्या. पहिली दहा मिनिटं त्या ठीक होत्या. खालून एकही सूचना आली नाही, ना भोंगा, ना माणूस. पंधराव्या मिनिटाला त्यांनी दांड्याला हात घातला. "दादा, इथनं फार उंच नाही वाटत." मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या शाळेतल्या मुलांची नावं विचारायला लागलो, हजेरीच्या क्रमानं. बत्तिसाव्या नावापर्यंत आलो तेव्हा लाइन हलली. उतरल्यावर मोजलं, आमच्या खुर्चीपासून जमीन दोन मजल्यांहून जास्त खाली होती. त्या ठिकाणच्या लोकांनी एकदा जरी ओरडून सांगितलं असतं की "बसून राहा, वेळ लागेल", तर ती वेळच आली नसती. अडकलेल्या माणसाला माहिती न देणं मला बिघाडाइतकंच गंभीर वाटतं.

लाइन चालूच झाली नाही तर सुटका नेमकी कशी करतात?

आधी मोटर, मग डिझेल इंजिन, आणि दोन्ही हरले तरच दोरानं उतरवणं. हा निर्णय लगेच घेत नाहीत, कारण फिरत्या लाइननं माणसं आणणं हे दोरापेक्षा सुरक्षित असतं. खालून बघताना "हे लोक नुसते उभे आहेत" असं वाटतं. ते तेव्हा हेच ठरवत असतात.

उघड्या चेअरलिफ्टवर पथक खालून येतं. हलकी दोरी तारेवरून पलीकडे टाकतात, तिच्या मदतीनं जाड दोर वर ओढतात. दोराच्या टोकाला छोटी बैठक किंवा काखेतून घ्यायचा पट्टा असतो. तो तुमच्यापर्यंत आला की सांगतील तसा अंगात घालायचा, दांडा वर करायचा आणि पुढे सरकून भार दोरावर टाकायचा. खालचा माणूस घर्षणाच्या साधनातून दोर हळूहळू सोडतो. हा "पुढे सरकून भार टाका" क्षण सगळ्यात अवघड. शरीर ऐकत नाही. तेव्हा खाली बघू नका, दोर जिथे बांधला आहे त्या गाठीकडे बघा.

बंद डब्याच्या गोंडोलात वेगळं. बचावकर्ता खांबावर चढतो, चाकाच्या साधनाला लटकून तारेवरून घसरत डब्यापर्यंत येतो, छतावरून उतरून दार बाहेरून उघडतो. दार आतून उघडत नाही याचा लोकांना राग येतो, पण ते मुद्दाम तसं केलेलं असतं. मग तो तुम्हाला त्रिकोणी कापडी पट्टा बांधून दारातून खाली सोडतो. लहान मुलाला शक्य तर मोठ्या माणसानंतर सोडतात, म्हणजे खाली घ्यायला ओळखीचं कुणी असतं, आणि डब्यात मूल एकटं मागे उरणार नाही हेही बघतात.

एका डब्याला काही मिनिटं लागतात, पण डबे अनेक असतात. तुर्कस्तानात अंताल्याला एप्रिल २०२४ मध्ये खांब कोसळून एक माणूस गेला आणि १७४ जण हवेत अडकले, शेवटचा माणूस खाली यायला जवळपास २३ तास लागले. तुमचा नंबर उशिरा लागला म्हणजे तुम्हाला विसरले असं नाही.

पट्ट्यात लटकलेले असताना पाय हलवत राहा. निश्चल लोंबकळलं की रक्त पायात साठतं आणि चक्कर येते.

सरळ हेलिकॉप्टर का नाही बोलावत?

कारण तो शेवटचा आणि सगळ्यात जोखमीचा मार्ग आहे. पंख्याच्या वाऱ्यानं हलका डबा जोरात झुलतो, जवळच तारा असतात, रात्री आणि ढगात उडणं फार अवघड असतं. १० एप्रिल २०२२ ला, रामनवमीच्या दिवशी, देवघरच्या त्रिकूट डोंगरावर डबे अडकले. हवाई दल, सेना, आयटीबीपी, एनडीआरएफ असे सगळे आले, काम ४० तासांहून जास्त चाललं. ४० हून अधिक लोक वाचले, पण तिघं गेले आणि त्यातले दोघं हेलिकॉप्टरनं काढताना खाली पडून. जवानांनी जिवावर उदार होऊन काम केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण त्या दृश्यांवरून "हेलिकॉप्टर आलं की सुटलो" असा जो समज झाला आहे तो चुकीचा आहे.

पाकिस्तानात बटग्रामला ऑगस्ट २०२३ मध्ये शाळेला निघालेली मुलं आणि मोठे असे ८ जण तुटक्या तारेवर लटकले होते. हेलिकॉप्टरला मर्यादित यश आलं. अंधार पडल्यावर दोरावर सरकत जाणाऱ्या स्थानिक तरुणांनी उरलेल्यांना काढलं आणि आठही वाचले. दोर आणि तो वापरता येणारी माणसं जागेवर असणं, माझ्या मते कुठल्याही रोपवेची खरी परीक्षा ही आहे. देवघरनंतर केंद्रानं राज्यांना रोपवेंची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं, ते योग्यच झालं. बचावाची रंगीत तालीमही तितकीच नेमानं व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दोन तास थंडीत बसावं लागलं तर आपण सोलापूरचे लोक टिकू का?

टिकाल, अंगावर काय आहे त्यावर अवलंबून. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आणि गुलमर्ग गोंडोलाचा वरचा टप्पा जवळपास ४,००० मीटरवर. चालताना गरम वाटतं म्हणून लोक जॅकेट हॉटेलात ठेवतात आणि लिफ्टवर बसतात. खुर्चीवर हालचाल शून्य आणि वारा थेट अंगावर.

आपली चादर सोबत घ्यायचा हट्ट दर वर्षी कुणीतरी धरतं. रेल्वेत जरूर घ्या. लिफ्टवर नको: सुती कापड ओलं झालं की अंगातली ऊब काढून घेतं, आणि चादरीचं टोक चाकात अडकू शकतं. आत लोकरी किंवा थर्मल, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, मोज्यांचा कोरडा जोड खिशात. खायला मी गूळ-शेंगदाण्याचे लाडू देतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणीसुद्धा चालते, टिकतेही छान, पण चटणीनं तहान लागते आणि वर पाणी जपून वापरायचं असतं.

हुडहुडी भरणं चांगलं, शरीर लढत आहे. हुडहुडी थांबून माणूस अडखळत बोलू लागला, त्याला झोप येऊ लागली, तर ते धोक्याचं. त्याला मध्ये घ्या, बोलतं ठेवा, खालच्या पथकाला ओरडून सांगा म्हणजे त्याला आधी उतरवतील. बधिर झालेली बोटं बर्फानं चोळू नका, काखेत धरा. दारूनं ऊब येते हा गैरसमज आहे, उलट ती शरीराची उष्णता बाहेर काढते.

आईला शुगर आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नेऊ का?

बंद डब्याच्या रोपवेत न्या, उघड्या चेअरलिफ्टवर शक्यतो नको. तिथे चढता-उतरताना खुर्ची पूर्ण थांबत नाही. इन्सुलिन बाहेरच्या खिशात ठेवलं तर गोठतं आणि निकामी होतं, आतल्या खिशात अंगालगत ठेवा. एका वेळची जास्तीची गोळी आणि साखर जवळ हवी, हॉटेलच्या बॅगेत नको. वर बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. ही साधी गोष्ट सगळे विसरतात आणि अडकल्यावर तिचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

रायगडाच्या रोपवेला आणि वणीच्या ट्रॉलीलाही हेच लागू का?

थोडं वेगळं. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. तिथे एकीकडच्या ट्रॉली चढतात तेव्हा दुसरीकडच्या उतरतात, त्यामुळे हवेत एका वेळी माणसं कमी असतात. सप्तशृंगगडाची २०१८ पासूनची फ्युनिक्युलर ट्रॉली रुळांवरून चालते, हवेत लटकत नाही. ती थांबली तर कर्मचारी सांगतील तेव्हा आणि सांगतील त्या बाजूनेच उतरायचं. बसून राहण्याचा नियम तिथेही तोच.

बसण्याआधी आपण काय बघू शकतो?

वारा, आणि तिथल्या माणसांचं लक्ष. चढणाऱ्यांकडे बघत हात बटणाजवळ ठेवून उभा असलेला कर्मचारी दिसला की मला बरं वाटतं. मोबाइलमध्ये मान घातलेला दिसला की मी पुढची खुर्चीही सोडतो आणि तो वर बघेपर्यंत थांबतो. बचावाची सोय काय आहे असं सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी लोक अभिमानानं सांगतात. पाठीवरची सॅक पुढे पोटाशी घ्या. उतरताना सॅकचा पट्टा खुर्चीत अडकणं हा अगदी नेहमीचा अपघात आहे.

फोन कुणाला करायचा?

तिकिटावर रोपवेचा नंबर असतो, चढण्याआधी सेव्ह करा. नाहीच लागला तर ११२. तुमच्या सगळ्यात जवळच्या खांबावरचा आकडा वाचून सांगा, शोधायला तेवढं पुरतं. घरी फोन करायचा तर एकदाच आणि थोडक्यात, बॅटरी जपायची आहे. सोलापूरला बसून घरचे काही करू शकत नाहीत, पण टीव्ही मात्र लावतात.

शेवटच्या फेरीनं गेलं तर चालेल?

मी नेत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हेवन्ली इथे एक तरुणी संध्याकाळी गोंडोलात बसली. ती आत असतानाच लाइन बंद करून कर्मचारी गेले. फोन नव्हता. सुमारे १५ तास, अख्खी रात्र ती एकटी डब्यात हातपाय चोळत होती. सकाळी लाइन चालू झाली तेव्हा सुटली. बंद व्हायच्या किमान तासभर आधी आमचा ग्रुप खाली असतो, आणि खाली उतरल्यावर मी डोकी मोजतो, मगच चहा सांगतो.

आणि वरच्या स्टेशनातच अडकलो तर?

हे हवेत अडकण्यापेक्षा जास्त वेळा घडतं आणि याबद्दल कुणी विचारत नाही. वारा वाढतो, लाइन बंद होते, आणि शंभरेक माणसं वर राहतात. तेव्हा इमारतीतच थांबायचं. "तो बघा रस्ता, चालत जाऊ" असं म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. ताज्या बर्फाच्या उतारावरून पायी उतरणं म्हणजे हिमस्खलनाच्या वाटेत जाणं. स्थानिक गाइड किंवा गस्तीचं पथक घेऊन जाईल तरच निघायचं, एकामागे एक, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत. तोवर भिंतीला टेकून बसा, ओले मोजे बदला आणि लाडवाचा डबा उघडा.